रीअ‍ॅलॉक: वाढता अ‍ॅरे नीट कसा सांभाळायचा

कुणाचाही सी भाषेतला कोड तपासायला आला की मी आधी रीअ‍ॅलॉकच्या ओळी शोधतो. मेमरी मागणारा मॅलॉक आणि ती परत करणारा फ्री ही जोडी बहुतेकांना जमते, घोळ होतो तो इथे, घेतलेल्या ब्लॉकचा (मेमरीच्या सलग तुकड्याचा) आकार बदलताना.

समजा, फाइलमधून आकडे वाचायचेत आणि ते किती आहेत हे आधी कळत नाही. तीन व्हेरिएबल घ्या: यादी नावाचा पॉइंटर (मेमरीतला पत्ता ठेवणारा), किती भरले ती संख्या आणि किती मावतात ती क्षमता. सुरुवातीला पॉइंटर नल (म्हणजे कुठलाच पत्ता नाही), बाकी दोन्ही शून्य. रीअ‍ॅलॉकला नल दिला तर तो मॅलॉकसारखाच वागतो, त्यामुळे पहिल्या खेपेसाठी वेगळा कोड लिहायची गरज नाही.

जागा भरली की क्षमता दुप्पट करा; ती शून्य असेल तर थेट 16 करा. 16 पासून सुरुवात केली तर 16 वेळा दुप्पट केल्यावर 10,48,576 आकडे मावतात. एकेक घर वाढवत बसलात तर जवळजवळ साडेदहा लाख वेळा रीअ‍ॅलॉक बोलवावा लागेल आणि दर वेळी सगळा डेटा नव्या जागी कॉपी होण्याची शक्यता राहील.

आता मुख्य मुद्दा. ही ओळ कधीही लिहू नका:

यादी = रीअ‍ॅलॉक(यादी, नवा_आकार);

मेमरी मिळाली नाही तर रीअ‍ॅलॉक नल परत करतो, पण जुना ब्लॉक जागच्या जागी शाबूत असतो. वरच्या ओळीने त्याचा पत्ताच पुसला जातो: डेटाही गेला आणि फ्री करायची सोयही गेली. उत्तर आधी तात्पुरत्या पॉइंटरमध्ये घ्या, नल नाही ना ते बघा, मगच यादीत टाका. क्षमतेचा आकडाही त्यानंतरच बदला. आकार काढताना टाइपचं नाव लिहिण्यापेक्षा 'साइझऑफ *यादी' (यादीतल्या एका घराचा आकार) लिहावं. उद्या इंटचा डबल केला तरी ती ओळ बरोबरच राहते. गुणाकार साइझ_टीमध्ये (आकार ठेवायच्या पूर्णांक टाइपमध्ये) मावतो का, हेही गुणण्याआधी तपासा. (हे क्वचितच कुणी करतं.)

वाढवलेल्या भागात शून्यं असतील असं धरून चालू नका, मूळ ब्लॉक शून्यं भरून देणाऱ्या कॅलॉकने घेतला असला तरीही. आकार शून्य देऊन रीअ‍ॅलॉककडून फ्रीचं काम करून घ्यायची युक्तीही सोडा. सी भाषेच्या सी 23 या मानकापासून ते अनडिफाइन्ड बिहेवियर आहे, म्हणजे काय होईल याची काहीच हमी नाही.

सगळ्यात छुपा दोष मात्र वेगळाच. यादीतल्या एखाद्या घराचा पत्ता तुम्ही दुसऱ्या पॉइंटरमध्ये ठेवला आणि रीअ‍ॅलॉकने ब्लॉक हलवला, की तो पत्ता बाद. छोट्या डेटावर ब्लॉक हलतोच असं नाही, म्हणून चाचणीत सगळं सुरळीत दिसतं. अशा ठिकाणी पॉइंटरऐवजी इंडेक्स ठेवा.

चाचणीपुरती सुरुवातीची क्षमता 16 ऐवजी 1 करा आणि जीसीसी किंवा क्लँग या कंपायलरमध्ये मेमरीच्या चुका पकडणारा अ‍ॅड्रेस सॅनिटायझर चालू करून प्रोग्राम चालवा. त्यात रीअ‍ॅलॉक दर वेळी नवी जागा देतो, त्यामुळे बाद पत्ता वापरणारी ओळ लगेच पकडली जाते.