गाळ उघडा पडला की निघा: धानपट्ट्यातल्या तलावांवर पक्षी कसे बघावेत

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या मामा तलावांवर, म्हणजे माजी मालगुजारी तलावांवर, हिवाळ्यात येणारे स्थलांतरित पक्षी बघायला कधी जायचं ते कॅलेंडर बघून ठरवू नका. पाणी बघून ठरवा. सप्टेंबरअखेर तलाव तुडुंब असतो, काठ गवतात बुडालेला असतो. तेव्हा अडई आणि हळदी-कुंकू बदकं दिसतील, पण ती इथलीच. पुढे भारी, म्हणजे उशिरा पिकणाऱ्या, धानाला पाणी सोडायला लागले की पातळी उतरते आणि काठाला ओल्या गाळाची पट्टी उघडी पडते. तुतारी, टिलवे, चिखल्या हे चिखलातले किडे टिपणारे पक्षी उतरतात ते या पट्टीवर. आठवडाभर उन्हात राहिली की ती तडकते, किडे खोल जातात आणि पक्षी पुढच्या तलावावर सरकतात. म्हणून एकाच मोठ्या तलावावर दिवस घालवण्यापेक्षा आसपासचे तीन-चार लहान तलाव फिरावेत.

बदकांसाठी पाळीची, म्हणजे पाणी अडवणाऱ्या बांधाची, बाजू सोडा, तिथे पाणी खोल असतं. भुवई बदक, तलवार बदक, थापट्या ही उथळ पाण्यात चरणारी, त्यामुळे ती सापडतात तलावाच्या मागच्या अंगाला, जिथून ओढ्याचं पाणी आत येतं. बुडी मारणारी लालसरी मात्र खोल पाण्यात असते. भुवई बदक सगळ्यात आधी येतं, कधी सप्टेंबरातच, आणि अडईच्या थव्यात मिसळून बसतं. तलवार बदकं आणि थापट्या साधारण दिवाळीच्या सुमारास येतात, पट्टकादंब हे हंस त्यानंतर. पावसाळा लांबला तर सगळंच पंधरा दिवस उशिरा होतं.

सकाळी सव्वासहा ते साडेनऊ ही वेळ धरा. पूर्वेच्या काठावर उभं राहा, म्हणजे सूर्य पाठीशी राहतो. पश्चिमेच्या काठावरून सगळी बदकं काळीच दिसतात. दहानंतर पाण्यावरची हवा तापून थरथरते आणि टेलिस्कोपात चोचीचा आकारही कळत नाही. तो दोष काचेचा नाही, उन्हाचा. हातातली दुर्बीण ८×४२ (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) पुरते. पाळीच्या माथ्यावरून चालू नका. आभाळाच्या पार्श्वभूमीवर माणूस दोनशे मीटरवरूनही ठसठशीत दिसतो आणि थवा उठतो. पाळीच्या बाहेरच्या उतारावरून चला आणि एखाद्या झाडाआडूनच माथ्यावर डोकं काढा. डोंगा (लहान होडी) घेऊन पाण्यात असलेल्या ढिवरांना, म्हणजे मासेमारांना, आधी विचारा की जाळी कुठे लावली आहेत. ज्या बाजूला जाळी, त्याच्या उलट बाजूला बदकं. हे विचारायचं बहुतेक जण विसरतात आणि अर्धी सकाळ घालवतात.

ओळखीत सगळ्यात जास्त चूक होते ती नरांची. विणीनंतर नर बदकांची उडण्याची पिसं एकदम झडतात आणि काही आठवडे त्यांना उडता येत नाही. त्या काळात लपता यावं म्हणून अंगावर मादीसारखा मळकट रंग चढलेला असतो, आणि ऑक्टोबरात इथे पोचलेले बरेच नर त्याच वेषात असतात. भुवई बदकाचा नर तर हिवाळा सरत येईपर्यंत तसाच राहतो. पुस्तकातली पांढरी ठळक भुवई शोधत बसाल तर हाती काही लागणार नाही. पंख मात्र बदलत नाहीत. थवा उडाला की पंखाचा पुढचा भाग बघा: भुवई बदकाच्या नरात तो राखी-निळसर, थापट्याच्या नरात स्वच्छ निळा. बसलेल्या थापट्याची चोच पुढे फावड्यासारखी रुंद होते, आणि तलवार बदकाची मान लांब, बारीक.

तुतारींतही असाच घोळ. ठिपकेवाली तुतारी पिवळसर पायांची, भुवई डोळ्याच्या मागेपर्यंत गेलेली, उडताना पंखाखाली फिकी. हिरव्या तुतारीची भुवई डोळ्यापुढेच संपते आणि पंखाखालचा भाग जवळजवळ काळा असतो, त्यामुळे कंबरेचा पांढरा डाग झळकतो. सतत शेपूट हलवणारी, खांद्यापाशी पांढरी पाचर असलेली ती साधी तुतारी. शंका असेल तर नुसतं ‘तुतारी’ लिहा. चुकीच्या नावापेक्षा ते बरं.

नोव्हेंबरात नजर आभाळातही ठेवा. नागालँडात थांबून आफ्रिकेकडे निघालेले अमूर ससाणे शेतांवर चतुर पकडताना दिसू शकतात. आकाराने कबुतराएवढे, नर राखाडी, मांड्या तांबूस, पंखाखाली पुढचा भाग पांढरा. एकाच जागी पंख फडफडवत थांबणारी बहुतेकदा खरूची (एक छोटा ससाणा) असते, पण अमूरही अधूनमधून तसं थांबतो. रंग पाहिल्याशिवाय नाव लिहू नका.

थवा मोजताना दहा पक्षी मोजा, त्यांनी किती जागा व्यापली ते डोळ्यांत धरा आणि तेच माप पूर्ण थव्यावर फिरवा. मग उलट्या बाजूने पुन्हा मोजा. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या ॲपवर नोंद करताना वेळ, चाललेलं अंतर आणि संख्या भरा. दुर्मीळ पक्ष्याला ॲप तपशील मागतं, तिथे ‘नक्की तोच होता’ एवढं पुरत नाही. चोच, पाय, पंख यांत काय पाहिलं ते लिहा. पट्टकादंबाच्या मानेत रंगीत पट्टा दिसला, तर पट्ट्याचा रंग, अक्षरं-आकडे आणि ते वरून वाचले की खालून, तिन्ही टिपा. शक्य असेल तर फोटो.

बांध्यांच्या (धानाच्या खाचरांच्या) धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, जाताना आधी शेतमालकाला विचारा. रानडुकरांसाठी झटका मशीनच्या (विजेचा धक्का देणाऱ्या कुंपणाच्या) तारा असतात आणि काही ठिकाणी चोरून थेट लाइनचा करंटही सोडलेला असतो. कापणीच्या दिवसांत धानात साप असतात, गमबूट घाला. जंगलालगतच्या तलावावर उजाडायच्या आत एकटं जाऊ नका.

गोंदियाकडे धानात सारसाची जोडी पिलासह दिसली तर बांधावरूनच बघा, आत उतरू नका. फोटो टाकताना शेताचं, तलावाचं नाव देऊ नका.