रेंडर खोटं दिसतंय? मग या चुका टाळा

"सर, रेंडर खोटं दिसतंय, व्ही-रेची कुठली सेटिंग वाढवू?" हा मेसेज आठवड्यातून दोनदा तरी येतो (रेंडर म्हणजे खोलीचं कॉम्प्युटरवर काढलेलं फोटोसारखं चित्र, आणि व्ही-रे म्हणजे ते काढणारं सॉफ्टवेअर), आणि फाइल उघडून बघावी तर सेटिंग बिचारी ठीकच असते. सूर्य चुकलेला असतो. म्हणून आधी सूर्याबद्दल, आणि इथे मी जरा लांबण लावणार आहे.

स्केचअपमधे, म्हणजे घराचं थ्रीडी मॉडेल ज्यात करतो त्या सॉफ्टवेअरमधे, नवीन फाइल उघडली की ती पुण्यात नसते, अमेरिकेत कोलोरॅडोतल्या बोल्डर गावात असते, कारण सॉफ्टवेअर जन्मलं तिथे आणि डीफॉल्ट लोकेशन तेच राहिलंय. बोल्डर ४० अक्षांशावर, पुणे साडेअठरावर. एवढ्याने काय होतंय, असं मलाही वाटायचं. मग कोथरूडचा एक टूबीएचके आला, हॉलला दक्षिणेची मोठी खिडकी, मी नोव्हेंबरातली दुपार लावून रेंडर काढलं, ऊन थेट आतल्या दिवाणापर्यंत पोचलेलं, फरशीवर सोनेरी पट्टा, एकदम झकास. घरच्या आजींनी ते बघूनच दिवाणाची जागा पक्की केली, थंडीत उन्हात बसता येईल म्हणून, आणि सुताराने तो स्टोरेजसकट भिंतीला फिक्स करून टाकला. दिवाळी झाल्यावर काकांचा फोन, "अहो, आई विचारतेय, चित्रातलं ऊन कधी येणार?" जाऊन बघतो तर पट्टा खिडकीपासून पाच फुटांवर थांबलेला, दिवाण दहा फुटांवर. हिशोब शाळेतला आहे. नोव्हेंबरच्या सुरुवातीला भर दुपारी सूर्य बोल्डरला साधारण ३३ अंशांवर असतो, पुण्यात ५५ वर, लिंटेल, म्हणजे खिडकीची वरची कड, सात फुटांवर, म्हणजे तिकडे ऊन साडेदहा फूट आत येतं आणि इकडे जेमतेम पाच. दिवाण उखडून खिडकीशी आणायची मजुरी मी माझ्या फीमधून दिली, तरी आजी म्हणाल्याच, "तुमच्या कॉम्प्युटरात ऊन जास्त पडतं हो."

तेव्हापासून पहिली भिंत उभी करायच्या आधी मॉडेल इन्फोमधे जाऊन जिओ-लोकेशन (म्हणजे घर कुठल्या गावात आहे ते), मग शॅडो पॅनलमधे यूटीसी +५:३० (म्हणजे भारतीय वेळ), आणि मग उत्तर दिशा. हे तिसरं तर नव्वद टक्के पोरं बघतच नाहीत. प्लॅन शीटवर सरळ बसावा म्हणून ड्राफ्ट्समन तो फिरवून ठेवतो, स्केचअप मात्र हिरव्या अक्षालाच उत्तर धरून चालतं. मी साइटवर फोनचं होकायंत्र घेऊन खिडकीसमोर उभा राहतो, गवंडी हसतात, हसू देत. आणि मे महिन्यातल्या दुपारी दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आत दाखवू नका, मेच्या मध्यावर पुण्यात सूर्य बरोब्बर डोक्यावर असतो.

दुसरी डोक्यात जाणारी गोष्ट म्हणजे सांधे. सनमायकाची शीट आठ बाय चारची येते, आणि रेंडरमधे साडेनऊ फुटांचं कपाट खालपासून स्लॅबपर्यंत अखंड, एक रेघ नाही. सुतार ते बघून शांतपणे विचारतो, "साहेब, ही शीट कुठल्या दुकानात मिळते?" सात फुटांवर लॉफ्टची, म्हणजे वरच्या माळ्याच्या कप्प्याची, फट दाखवा, शटरमधे दोन-तीन मिमीची गॅप सोडा, आणि कडा ब्लेडसारख्या ठेवू नका, एक-दोन मिमी गोल करा, त्या कडेवर जी बारीक उजेडाची रेघ येते ना, तीच डोळ्याला लाकूड वाटते. तीन शटरवर एकाच जागी एकच गाठ दिसली तर टेक्स्चर (लाकडाचं चिकटवलेलं चित्र) सरकवायचा तुम्हाला कंटाळा आला होता हे सगळ्यांना कळतं.

भिंतीला २५५ चा, म्हणजे कॉम्प्युटरच्या ० ते २५५ मोजणीतला पूर्ण, पांढरा लावू नका, असा पांढरा कुठल्या डब्यात मिळत नाही, मी २२०-२३० च्या आसपास ठेवतो, तोही किंचित पिवळट. कॅमेऱ्याला अठरा मिमीची वाइड लेन्स लावून दहा बाय अकराच्या बेडरूमचं मंगल कार्यालय करू नका. भिंतींच्या उभ्या रेषा उभ्याच ठेवा. कोव्हमधे (छताच्या कडेच्या लपलेल्या लाइटच्या खाचेत) ३००० केल्विनचा पिवळा उजेड आणि शेजारी ६५०० ची पांढरी ट्यूब असं एकत्र नको, अर्धी खोली हळदीची नि अर्धी दवाखान्याची दिसते. डीनॉइजर (रेंडरमधले दाणे पुसणारं टूल) चालतो, पण सॅम्पल, म्हणजे रेंडरचा वेळखाऊ हिशोब, वाचवायला घासून लावला की पडद्याचं कापड मेण होतं. आणि कच्चं रेंडर एआयमधे टाकून "रिअलिस्टिक कर" सांगणाऱ्यांनो, परवा एकाच्या किचनमधून बेसिन गायब झालं होतं आणि ते क्लायंटने शोधून काढलं.

राहता राहिला पंखा. सोफा इटालियन, खिडकीबाहेर सूचीपर्णी झाडं, आणि छताला पंखाच नाही. काकूंचा पहिला प्रश्न लाइटिंगबद्दल नसतोच, "पंखा कुठाय?" हा असतो. माझ्या टेम्प्लेट फाइलमधे पंखा, स्विचबोर्ड, एसीचा पाइप आणि खिडकीचं ग्रिल आधीपासून टाकलेलं आहे, नको असेल तर डिलीट करतो. आजवर फक्त ग्रिल काढायला सांगितलंय, तेही एकदाच, तेराव्या मजल्यावरच्यांनी.