फौजी घराचं इन्कम टॅक्स रिटर्न घरच्या घरी कसं भरायचं

फौजी घरात पगार एका ठिकाणी जमा होतो, माणूस दुसरीकडे तैनात असतो आणि कागद तिसरीकडेच पडलेले असतात. रिटर्न अवघड वाटतं ते बहुतेक वेळा एवढ्यामुळेच. सेवेतल्या बहुतेक कुटुंबांचा हिशेब आयटीआर-१ या सगळ्यात सोप्या फॉर्ममध्ये बसतो. घरी असलेल्या व्यक्तीने कागद जमवून ठेवले, तर एका संध्याकाळी काम होतं.

इथले आकडे २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे, म्हणजे २०२६-२७ या आकारणी वर्षाचे आहेत. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला आहे, पण या वर्षाचं रिटर्न १९६१ च्या कायद्यानुसारच भरायचं आहे. म्हणून कलमांचे आकडेही जुनेच दिले आहेत.

आधी कागद

फॉर्म १६, म्हणजे वर्षाचा पगार आणि त्यातून कापलेला कर (टीडीएस) दाखवणारं प्रमाणपत्र, पगार देणाऱ्या कार्यालयाकडून येतं. लष्करी अधिकाऱ्यांसाठी ते पुण्याचं पीसीडीए (ओ), जवान आणि जेसीओंसाठी (सुभेदारांसारख्या कनिष्ठ अधिकाऱ्यांसाठी) रेजिमेंटचं वेतन कार्यालय (पीएओ), नौदलासाठी मुंबईचं नेव्हल पे ऑफिस आणि हवाई दलासाठी दिल्लीचं एएफसीएओ. निवृत्तांचा फॉर्म १६ ‘स्पर्श’ या संरक्षण पेन्शनच्या पोर्टलवर मिळतो. त्यासोबत आयकर पोर्टलवरून २६एएस (तुमच्या पॅनवर जमा झालेल्या कराचा तक्ता) आणि एआयएस (विभागाकडे असलेली तुमच्या उत्पन्नाची व व्यवहारांची यादी) उतरवून घ्या, बँकेची व्याज प्रमाणपत्रंही जमवा. फॉर्म १६ मधला टीडीएस २६एएसमध्ये रुपयासकट जुळला पाहिजे. तिथे कमी दिसत असेल, तर रिटर्न भरण्याआधी पगार कार्यालयाला लिहा. न जुळणारा टीडीएस मागितला की करमागणीची नोटीस येते आणि पुढे सहा महिने पत्रव्यवहार चालतो.

आधार, पॅन आणि बँक खातं या तिन्ही ठिकाणी नाव एकच आहे का तेही पाहा. सेवा नोंदीत एक स्पेलिंग आणि आधारवर दुसरं, हे फौजेत सर्रास आढळतं. मग खातं प्रमाणित होत नाही आणि परतावा अडकतो.

नवी पद्धत की जुनी

कर मोजायच्या दोन पद्धती आहेत: नव्या पद्धतीत दर कमी पण वजावटी थोड्या, जुनीत वजावटी जास्त पण दर चढे. फील्डमध्ये असलेल्यांना वाटतं की भत्त्यांवर सूट मिळते, म्हणजे जुनी पद्धत बरी. आकडे मात्र बहुधा उलटं सांगतात.

जुन्या पद्धतीत कलम १०(१४) खाली महिन्याला इतकी सूट मिळते: फील्ड एरिया भत्त्यावर २,६००, मॉडिफाइड फील्डवर १,०००, काउंटर इन्सर्जन्सीवर ३,९००, नऊ ते पंधरा हजार फुटांवरच्या हाय अल्टिट्यूड भत्त्यावर १,०६०, पंधरा हजारांच्या वर १,६००, सियाचीनसारख्या हायली अ‍ॅक्टिव्ह फील्डवर ४,२०० आणि अंदमान-निकोबार व लक्षद्वीपमधल्या आयलंड ड्युटी भत्त्यावर ३,२५० रुपये. प्रत्यक्ष भत्ता याहून मोठा असला, तरी सूट एवढीच. उरलेला भाग करपात्र. मिलिटरी सर्व्हिस पे तर पूर्ण करपात्र आहे. नव्या पद्धतीत या भत्त्यांवर काहीच सूट नाही.

आता हिशेब करून पाहू. वर्षाचा एकूण पगार ११ लाख असलेल्या हवालदाराचं नव्या पद्धतीत ७५,००० रुपयांच्या प्रमाणित वजावटीनंतर १०,२५,००० उत्पन्न उरतं. ते १२ लाखांच्या आत असल्यामुळे कलम ८७ए च्या सवलतीने कर शून्य. म्हणजे पगार १२,७५,००० पर्यंत असेल आणि दुसरं उत्पन्न नसेल, तर भत्त्यांचा हिशेब करत बसायचं कारणच नाही.

दुसरा दाखला २० लाख पगाराच्या अधिकाऱ्याचा. नव्या पद्धतीत १९,२५,००० वर १,८५,००० कर, चार टक्के सेस धरून १,९२,४००. जुन्या पद्धतीत ५०,००० प्रमाणित वजावट, ८०सी चे (पीएफ, विमा अशा बचतीचे) पूर्ण दीड लाख, गृहकर्जाच्या व्याजाचे दोन लाख आणि वर्षभर सियाचीनची सूट, म्हणजे ५०,४००, एवढं सगळं वजा केलं, तरी १५,४९,६०० उरतात. त्यावर सेससह कर सुमारे २,८८,५००. एवढ्या पगाराला सगळ्या वजावटी मिळून साडेसात लाखांच्या वर गेल्या, तरच जुनी पद्धत परवडते. गृहकर्ज, एचआरए (घरभाडे भत्ता) आणि मोठा आरोग्य विमा एकत्र असलेल्या घरांनीच तिचा विचार करावा.

पगार कार्यालयाने एका पद्धतीने टीडीएस कापला असला, तरी रिटर्नमध्ये दुसरी निवडता येते. जुनी हवी असेल, तर मुदतीतच भरा. ही मुदत एरवी ३१ जुलै असते. २०२५ मध्ये ती १६ सप्टेंबरपर्यंत वाढली होती, पण वाढेल या भरवशावर राहू नका. मुदत चुकली की फक्त नवी पद्धत उरते. शिवाय उशिराचं शुल्क ५,००० रुपये, आणि एकूण उत्पन्न पाच लाखांच्या आत असेल तर १,०००.

जुनी पद्धत घेणाऱ्यांसाठी: अधिकाऱ्यांचा डीएसओपी आणि जवानांचा एएफपीपी हे भविष्य निर्वाह निधी ८०सी मध्ये येतात. मात्र वर्षाला पाच लाखांच्या वर वर्गणी भरली, तर वरच्या रकमेचं व्याज करपात्र होतं. एचआरए मिळतो म्हणून सूट मिळत नाही, भाडं खरोखर भरलेलं असावं लागतं. कुटुंब गावी स्वतःच्या घरात राहत असेल, तर सूट नाही. भाडं वर्षाला एक लाखाच्या वर असेल, तर घरमालकाचा पॅन लागतो.

अग्निवीरांचं वेगळं आहे. सेवा निधी या त्यांच्या बचत निधीतल्या त्यांच्या आणि सरकारच्या वर्गणीला कलम ८०सीसीएच खाली दोन्ही पद्धतींत वजावट मिळते. सरकारची वर्गणी आधी उत्पन्नात धरून मग वजा करायची असते. नुसतं वजा केलं की आकडे जुळत नाहीत.

पेन्शन: इथेच सगळ्यात जास्त चुका होतात

साधी सेवा पेन्शन पगारासारखीच करपात्र आहे. ग्रॅच्युइटी, कम्युटेड पेन्शन (पेन्शनचा एकरकमी घेतलेला भाग) आणि निवृत्तीच्या वेळचं रजा रोखीकरण पूर्ण करमुक्त. सेवेत असताना घेतलेलं रजा रोखीकरण मात्र करपात्र.

सेवेमुळे आलेल्या किंवा बळावलेल्या शारीरिक अपंगत्वामुळे सेवेतून बाहेर काढलं गेलं असेल, तर अपंगत्व पेन्शनचे सेवा आणि अपंगत्व हे दोन्ही घटक करमुक्त. नियत वयात निवृत्त झालेल्यांना ही सवलत नाही, असं २४ जून २०१९ च्या परिपत्रकात म्हटलं आहे. पीपीओवर (पेन्शन मंजुरीच्या आदेशावर) सेवा संपण्याचं कारण लिहिलेलं असतं, ते आधी वाचा. परमवीर चक्र, महावीर चक्र आणि वीर चक्र विजेत्यांची पेन्शन व त्यांच्या वारसांची कुटुंब पेन्शन कलम १०(१८) खाली करमुक्त आहे. ऑपरेशनल ड्युटीवर वीरगती आलेल्यांच्या पत्नीला व मुलांना मिळणारी कुटुंब पेन्शन १०(१९) खाली करमुक्त. अशी रक्कम सोडून देऊ नका. करमुक्त उत्पन्नाच्या रकान्यात योग्य पर्याय निवडून दाखवा.

बाकीची कुटुंब पेन्शन ‘पगार’ या सदरात टाकायची नाही. ती इतर उत्पन्नात जाते आणि तिला ७५,००० ची वजावट मिळत नाही. तिची वजावट रकमेच्या एक तृतीयांश किंवा नव्या पद्धतीत २५,००० आणि जुन्यात १५,०००, यातली जी कमी असेल ती.

वर्षाच्या मध्ये निवृत्त झालेल्यांनी विशेष लक्ष द्यावं. फॉर्म १६ दोन येतात, एक पगार कार्यालयाचा आणि एक स्पर्शचा. दोघेही आपापल्या रकमेवर शून्यापासून कर मोजतात आणि दोघेही ७५,००० वजा करतात. बेरीज केली की वजावट एकदाच मिळते, उत्पन्न वरच्या टप्प्यात जातं आणि कर भरायचा निघतो. निवृत्तीनंतर बँकेत किंवा डीएससीत (डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये) नोकरी धरली तरी हेच होतं. असा भरायचा निघणारा कर १०,००० किंवा त्याहून जास्त असेल, तर आगाऊ कर भरा, नाहीतर व्याज लागतं.

वन रँक वन पेन्शनची किंवा पगाराची थकबाकी एकरकमी आली असेल, तर कलम ८९ ची सवलत मागता येते. त्यासाठी पोर्टलवर फॉर्म १०ई रिटर्नच्या आधी भरा. तो न भरता रिटर्नमध्ये सवलत टाकली, की ती नाकारली जाते.

पत्नीच्या नावावरची एफडी

पगारातून पाठवलेले पैसे पत्नीने स्वतःच्या नावावर ठेवले, तर त्याचं व्याज कायद्याने पतीच्या उत्पन्नात धरतात. सहा लाखांवर सात टक्क्यांनी ४२,००० व्याज आलं, तर टीडीएस कापला जाणार नाही, पण ते पतीच्या रिटर्नमध्ये दाखवायला हवं. त्या व्याजाचं पुढे मिळणारं व्याज मात्र पत्नीचं. तिच्या स्वतःच्या नोकरीच्या किंवा शिवणकामाच्या कमाईतून ठेवलेली एफडी पूर्णपणे तिची.

भरणं आणि पडताळणी

पोर्टलवर ‘ई-फाइल’मध्ये आकारणी वर्ष निवडा. शेअर विकून अल्प मुदतीचा नफा झाला असेल किंवा दीर्घ मुदतीचा नफा सव्वा लाखाच्या वर गेला असेल, तर आयटीआर-२ लागतो. नोकरीच्या प्रकारात सेवेतल्यांनी केंद्र सरकार आणि निवृत्तांनी केंद्र सरकारचे पेन्शनर निवडायचं, ‘इतर’ नाही. आधीच भरून आलेले आकडे फॉर्म १६ शी ताडून घ्या. बचत खात्याचं व्याज बहुतेक जण विसरतात, पण एआयएसमध्ये ते दिसतं.

रिटर्न भरल्यापासून ३० दिवसांत पडताळणी हवी. आधारशी जोडलेला मोबाइल चौकीवर असतो आणि तिथे सिग्नल नसतो, फौजी घरांचं रिटर्न सगळ्यात जास्त इथेच अडतं. म्हणून सुट्टीवर असतानाच किंवा पीस स्टेशनला असताना भरून ओटीपी टाका. ते जमत नसेल, तर आयटीआर-व्ही ही पडताळणीची पावती छापून सही करून स्पीड पोस्टने आयकर विभागाच्या बंगळुरूच्या केंद्राकडे (सीपीसी) पाठवा. तीस दिवस उलटले की पडताळणीची तारीख हीच रिटर्नची तारीख धरतात, आणि ती मुदतीनंतरची असेल तर जुनी पद्धत हातची जाते. लांबच्या पोस्टिंगवर निघण्याआधी पत्नीच्या नावे मुखत्यारपत्र करून पोर्टलवर तिला प्रतिनिधी म्हणून नोंदवून ठेवलं, तर ती स्वतः पडताळणी करू शकते.

शेवटी युनिटच्या आसपास फिरणाऱ्या एजंटांविषयी. ‘सगळा टीडीएस परत आणून देतो, वीस टक्के माझे’ असं म्हणणारा माणूस खोटं घरभाडं, खोटी राजकीय देणगी किंवा खोटं आजारपण दाखवतो. जुलै २०२५ मध्ये आयकर विभागाने अशा खोट्या वजावटींसाठी देशभर दीडशे ठिकाणी तपासणी केली. चुकीची माहिती दिल्याचा दंड चुकवलेल्या कराच्या दुप्पट असतो. नोटीस एजंटाला येत नाही, ज्याच्या पॅनवर रिटर्न आहे त्याला येते. असं रिटर्न आधीच भरलं गेलं असेल, तर ३१ डिसेंबरपर्यंत सुधारित रिटर्न भरून खोटी वजावट काढून टाका आणि कर व व्याज भरून मोकळे व्हा.