यंदाचा उन्हाळा घरीच काढणार असाल तर

मागच्या वर्षी मार्च संपता संपता आत्याबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि दोन महिने कुठंच जायचं नाही हे आपोआपच ठरून गेलं. परभणीचा उन्हाळा तुम्हाला माहितीये, 42-43 तर सहज होतं, नळाला पाणी आठ-दहा दिवसाला, पोराला सुट्ट्या लागलेल्या आणि घरात आम्ही चौघं. सुरुवातीला मला वाटलं कसं निघायचं बाई हे सगळं. पण जून आला तेव्हा मला खरंच वाईट वाटलं संपला म्हणून. तर ज्यांचं यंदा कुठं जाणं होणार नाही त्यांच्यासाठी लिहितेय, जे जे आम्ही केलं आणि ज्याच्यात मजा आली ते.

सगळ्यात आधी दिवसाची वाटणी बदला. आपण घड्याळ हिवाळ्याचंच चालवतो, आठला उठायचं आणि मग दिवसभर गरम होतंय म्हणत बसायचं. आमच्याकडं उन्हाळ्यात दिवस दोनच तुकड्यांत असतो, पहाटे पाच ते नऊ आणि संध्याकाळी सहाच्या पुढं. मधला वेळ घर बंद. एकदा हे मान्य केलं की निम्मी चिडचिड तिथंच संपते. पहाटे सगळी दारं-खिडक्या सताड उघडा, गार हवा आत घ्या, आणि नऊ-साडेनऊला ऊन तापायच्या आत बंद करून पडदे ओढा. दुपारी हवेसाठी म्हणून खिडकी उघडू नका, बाहेरची हवा भट्टीची असते. कूलर मात्र याला अपवाद. कूलर खिडकीत पाहिजे आणि समोरची एखादी खिडकी किंवा दार चार बोटं उघडं पाहिजे, नाहीतर खोलीत नुसता दमटपणा साचतो आणि मग लोक म्हणतात कूलर काम करत नाही.

माठ दरवर्षी नवा घ्या. जुन्या माठाची छिद्रं आपल्या बोअरच्या क्षारांनी बुजतात, पाणी बाहेर पाझरत नाही आणि पाझरलंच नाही तर गार कसं होणार, ते बाहेरून वाळतानाच तर आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. म्हणूनच माठ कोपऱ्यात कोंडून ठेवायचा नाही, वारा लागेल तिथं, खाली ओली वाळू. आपली हवा कोरडी आहे म्हणून आपल्याकडं माठाचं पाणी जसं होतं तसं कोकणात होत नाही, हे आपलं सुख आहे. नवा माठ एक दिवस पाण्यात बुडवून ठेवा आणि पहिलं पाणी झाडाला घाला. दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या ग्लासाला जो मातीचा वास असतो ना तो आठवडाभरच असतो, त्यामुळं तो घाईत पिऊ नका.

आता कुरडया. लोक म्हणतात विकत मिळतात की. मिळतात. पण चीक विकत मिळत नाही, आणि कुरडई करण्यातलं खरं सुख चीक खाण्यात आहे. गहू तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं (नाहीतर वास मारतो), चौथ्या दिवशी वाटायचे, पिळून चोथा बाजूला काढायचा आणि गाळलेला चीक रात्रभर बसू द्यायचा. सकाळी वरची निवळ हळूच ओतून दिली की खाली पांढराशुभ्र चीक राहतो, चमचा घातला तर जड लागतो. जेवढा चीक तेवढंच पाणी मीठ घालून उकळायचं आणि चीक धार धरून ओतत एकसारखं हाटायचं. हे एकट्याचं काम नाही, एकानं ओतायचं आणि एकानं हाटायचं, आमच्याकडं आत्याबाई खुर्चीत बसून ओतत होत्या आणि मी हाटत होते आणि त्या म्हणत होत्या, "थांबू नको माय, गुठळी धरंल." पाच-सात मिनिटांत बघता बघता पांढरा रंग जातो आणि काचेसारखा होतो, ओलं बोट लावलं तर चिकटत नाही, मग झाकण ठेवून एक वाफ. सोऱ्यात भरायच्या आधी सगळ्यांना एकेक वाटी द्या. कुणी दूध-साखर घेतं, कुणी तूप-साखर, आमच्या घरी त्याच्यावर कच्चं करडईचं तेल आणि वरून थोडी तिखट चटणी. सकाळी सात वाजता, गच्चीवर, बाजेवर धुतलेलं लुगडं अंथरलेलं आणि हातात गरम चिकाची वाटी. पोरानं तीन वाट्या खाल्ल्या, कुरडया त्या मानानं कमीच झाल्या आणि कुणाला त्याचं काही वाटलं नाही.

बाजरीच्या खारोड्या केल्या तर एक सांगते, त्या पूर्ण वाळू द्यायच्या आधी संध्याकाळी अर्धवट ओल्या असताना चार उचला. वरून कडक, आत मऊ, सोबत कच्चा कांदा आणि भाजलेले शेंगदाणे. बास.

दुपार ही खरी अवघड. पण बंद अंधाऱ्या खोलीतच आम्हाला मागच्या वर्षीची सगळ्यात मोठी गंमत सापडली. आमच्या जुन्या खोलीच्या लाकडी खिडकीला एक भोक आहे, गाठ निघून गेलेली, तुरीच्या दाण्याएवढं असेल. एकदा दुपारी पोरगं आडवं पडलं होतं ते एकदम उठून म्हणालं, "मम्मी, भिंतीवर माणूस चाललाय." मी बघितलं तर खरंच, समोरच्या पांढऱ्या भिंतीवर रस्ता दिसत होता, उलटा. खाली आभाळ, वर रस्ता, आणि छत्री घेऊन एक बाई डोक्यावर उलटी चाललेली, आणि छत्रीचा लाल रंगसुद्धा दिसत होता. प्रकाश सरळ रेषेत जातो, म्हणून वरून आलेला भोकातून खाली जातो आणि खालचा वर, एवढंच आहे ते, पण भिंतीवर बघताना अंगावर काटा येतो. तुमच्या घरी असं भोक नसेल तर खिडकी काळ्या कागदानं नाहीतर जाड पुठ्ठ्यानं पूर्ण बंद करा, फटी सगळ्या बुजवा, आणि पुठ्ठ्याला पेन्सिल जाईल एवढं भोक पाडा. खिडकीच्या बाहेर कडक ऊन पाहिजे आणि खोली चांगली अंधारी पाहिजे. मग पाच मिनिटं काही न बोलता बसा, डोळे अंधाराला सरावले की चित्र उमटायला लागतं. पांढरी चादर भोकाजवळ धरली तर चित्र छोटं आणि उजळ, लांब नेली तर मोठं आणि फिकट. आम्ही रोज दुपारी दीड ते दोन हाच सिनेमा बघायचो. निंबाखाली ऊन-सावलीचे जे गोल गोल कवडसे पडतात ना तेही हेच आहे, पानांच्या फटी कशाही आकाराच्या असल्या तरी कवडसा गोल, कारण तो सूर्याचा फोटो आहे.

तारखेचं एक काम आताच कॅलेंडरवर लिहून ठेवा. मे महिन्यात एक दिवस असा येतो की भर दुपारी आपली सावली गायब होते. सूर्य बरोबर डोक्यावर येतो. लातूरला हा दिवस साधारण 13 मे, बीडला 15, परभणी-नांदेडला 16-17, संभाजीनगरला 19-20 मेच्या आसपास, एखादा दिवस मागंपुढं झाला तरी फरक फार पडत नाही. वेळ बाराची नाही बरं का, आपलं घड्याळ 82.5 रेखांशावर चालतं आणि आपण त्याच्या पश्चिमेला, म्हणून परभणीत ती वेळ 12 वाजून 19-20 मिनिटांना येते, संभाजीनगरला 12:25 ला. गच्चीवर पोळपाट ठेवा, त्याच्यावर गोटी ठेवून बघा, घरंगळली तर खाली कागदाची घडी घाला, म्हणजे पोळपाट सपाट होईल, कारण गच्चीला पाण्यासाठी उतार असतोच. मग पोळपाटावर एखादा सरळ उभा डबा ठेवा, आम्ही पावडरचा ठेवला. 12 वाजता बोटभर सावली होती, मग ती डब्याच्या बुडाशी सरकत सरकत आली आणि गेली. नुसता डबा, सावलीच नाही, चित्रात कापून चिकटवल्यासारखा. आत्याबाईंनी सत्तर उन्हाळे बघितलेत, त्या जिन्याच्या दारात खुर्ची टाकून बघत होत्या आणि म्हणाल्या, "मला कुणी कधी सांगितलंच नाही." डोक्याला रुमाल बांधून जा, पाच मिनिटांत खाली या. जुलैच्या शेवटी असा दिवस परत येतो पण तेव्हा आभाळ असतं, त्यामुळं मेचाच धरा.

पाखरांसाठी उथळ मातीची परात ठेवा, आत एक-दोन दगड, म्हणजे चिमणीला उभं राहता येतं, आणि पाणी रोज बदला. सातभाई कधी एकटे येत नाहीत, सात-आठ जण भांडत येतात आणि परात रिकामी करून जातात. कोकीळ ऐकायला येतोच, पण त्याची मादी ओळखा, ती काळी नसते, तपकिरी आणि पांढऱ्या ठिपक्यांची, आणि कुहू ती करत नाही, किक-किक असं पटपट ओरडते. ती दिसली की जवळपास कावळ्याचं घरटं शोधा.

आंब्याचं थोडक्यात सांगते. केसर छानच आहे, पण कुणाच्या शेतातले गावरान मिळाले तर सोडू नका. पिकायला घालायचे तर गवतात आढी लावा आणि एक दिवसाआड हात घालून बघा, नासका निघाला तर लगेच बाहेर. खाताना तासभर पाण्यात टाका, हातानं हळूहळू मऊ करा, देठ काढून पहिले दोन-तीन थेंब दाबून टाकून द्या, नाहीतर ओठ उततात. आणि मग चोखा, वाटी-चमचा नको.

रात्री गच्ची. संध्याकाळी सहाला भांडी-भाज्या धुतलेलं पाणी स्लॅबवर शिंपडा, पहिल्या पाण्याचा नुसता चर्र आवाज येतो, अर्ध्या तासानं दुसरं. नऊला गाद्या टाका. मेच्या मध्यात नऊच्या सुमाराला उत्तरेकडं तोंड केलं की सप्तर्षी वरच असतात. त्यांच्या शेपटीचा बाक तसाच पुढं नेला की पिवळट-केशरी स्वाती लागते, आणखी पुढं पांढरी चित्रा. सप्तर्षींच्या पुढच्या दोन ताऱ्यांची रेघ खाली आणली की ध्रुव. आता हात सरळ लांब करून मूठ धरा, क्षितिजापासून मुठीवर मूठ, ध्रुव दुसऱ्या मुठीच्या जवळपास येतो. एक मूठ म्हणजे साधारण 10 अंश, आणि परभणी 19 अंश अक्षांशावर आहे, म्हणून ध्रुवही क्षितिजापासून तेवढाच वर. दुपारी ज्या 19 अंशामुळं डब्याची सावली गेली तोच 19 रात्री दोन मुठीत मोजता येतो. पोरानं हे केलं, मग त्याच्या बाबांनी केलं, मग आत्याबाईंनी पडल्या पडल्या केलं. मग मागं वळून दक्षिणेला बघा, क्षितिजाच्या जेमतेम वर त्रिशंकूचे चार तारे असतात, त्याच्यासाठी त्या बाजूला मोठी इमारत नको आणि धूळ बसलेली पाहिजे.

पायथ्याशी एक ताडपत्री घडी करून ठेवा. मेच्या शेवटी अवकाळीचा भरवसा नसतो, आधी वावटळीसारखा वारा येतो, मग मातीचा वास, आणि मग दहा मिनिटं हातात असतात. आम्ही तीनदा असे उठलो. तिसऱ्यांदा गाद्या झाकल्या आणि खाली गेलोच नाही, जिन्याच्या छपराखाली चौघं उभे राहिलो, आणि पाऊस थांबल्यावर अंधारात पलीकडच्या बाभळीतून पावशा ओरडायला लागला, पेर्ते व्हा, पेर्ते व्हा, प्रत्येक वेळी आधीपेक्षा वरच्या पट्टीत. आत्याबाई म्हणाल्या, "आला माय मिरीग."