आगोटीच्या यादीत एक काम वाढवा : कॉम्प्युटरवरच्या फाइली क्लाउडवर कशा ठेवाव्यात

मे संपत आला की कोकणात आगोटीची लगबग सुरू होते. तांदूळ, मसाला, सुकी मासळी, लाकूडफाटा, सगळं मिरगाच्या आत भरून ठेवायचं. त्याच यादीत कॉम्प्युटरही घ्या. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा मालाबरोबर दुकानांतले कॉम्प्युटर आणि त्यांतले हिशेबही बुडाले. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, दापोली, मंडणगडकडच्या गावांत कित्येक दिवस लाइट नव्हती. पूर-वादळ नसलं तरी खारी हवा बारमाही असते. कपाटात पडून राहिलेल्या पेनड्राइव्हच्या टोकाला गंज धरतो आणि नेमका गरजेला तो उघडत नाही. म्हणून महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत घराबाहेर हवी, म्हणजे क्लाउडवर, नेटवरून गुगलसारख्या कंपनीच्या कॉम्प्युटरवर ठेवलेली. आणि ती नेट धड असताना, उन्हाळ्यातच चढवलेली (अपलोड केलेली) बरी.

इथे गुगल ड्राइव्ह धरून सांगतो, कारण अँड्रॉइड फोनमुळे जीमेलचं खातं बहुतेकांकडे असतंच. त्यात १५ जीबी जागा फुकट मिळते, पण ती जीमेल, फोटो आणि ड्राइव्ह या तिघांत मिळून. मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हवर ५ जीबी मिळते. एक कुठलंतरी निवडा. एकाच फोल्डरवर दोन्ही लावू नका, गोंधळाशिवाय काही हाती लागत नाही.

पहिलं काम निवडीचं. डी ड्राइव्हवर ‘महत्त्वाचे’ नावाचा फोल्डर करा आणि गेलं तर परत मिळणार नाही तेवढंच त्यात ठेवा : सातबारा-फेरफाराचे स्कॅन, आंब्याच्या पेट्यांचा हिशेब, होमस्टेचं बुकिंग, विम्याचे कागद, मुलांचे दाखले, घरातले जुने फोटो. सिनेमे आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे व्हिडिओ नकोत. फाइलीच्या नावात ‘७/१२’ लिहायला जाल तर विंडोज ती तिरकी रेघ घेणार नाही. ‘सातबारा’ असं अक्षरी लिहा. देवनागरी नावं व्यवस्थित चालतात.

मग गुगलच्या अधिकृत साइटवरून ‘ड्राइव्ह फॉर डेस्कटॉप’ उतरवून घ्या. दुसऱ्या कुठल्या साइटवरून नको. इन्स्टॉल करून आपल्या खात्याने साइन-इन केलंत की खाली उजवीकडे, घड्याळाजवळ, ड्राइव्हचं तिकोनी चिन्ह येतं. दिसत नसेल तर तिथल्या छोट्या वरच्या बाणावर क्लिक करा, ते आत लपलेलं असतं. चिन्हावर क्लिक, दातेरी चाक, प्रेफरन्सेस. तिथे तुमच्या कॉम्प्युटरच्या नावाखाली ‘अ‍ॅड फोल्डर’ दिसेल. ‘महत्त्वाचे’ फोल्डर निवडा, ‘सिंक विथ गुगल ड्राइव्ह’ वर खूण करा आणि सेव्ह करा. सिंक म्हणजे इथे केलेला बदल गुगलकडच्या प्रतीतही आपोआप होत राहणे.

याशिवाय कॉम्प्युटरवर जी नावाचा एक नवा ड्राइव्हही दिसू लागतो. त्याला दोन पद्धती असतात. ‘स्ट्रीम’ मध्ये फाइली गुगलकडे राहतात आणि उघडाल तेव्हा नेटवरून येतात. ‘मिरर’ मध्ये त्या तुमच्या डिस्कवरही पूर्ण असतात. टॉवरचा भरवसा नसलेल्या वाडीत कामाच्या फाइली स्ट्रीमवर ठेवू नका, नेट गेलं की काम अडतं. आपण वर जोडलेला फोल्डर कॉम्प्युटरवर जसाच्या तसा राहतो, म्हणून मी तोच मार्ग सुचवतो.

आता पहिली चढाई. इथे बहुतेकांचा धीर सुटतो, म्हणून आकडा आधीच माहीत असू द्या. नेटची जाहिरात उतरवण्याच्या वेगाची असते, चढवण्याचा वेग बऱ्याचदा त्याहून कमी. तो सेकंदाला ५ मेगाबिट मिळाला तर १० जीबी चढायला साडेचार तास लागतात. १ मेगाबिट असेल तर बावीस. तेव्हा रात्री लावून ठेवा, सेटिंगमध्ये कॉम्प्युटर आपोआप झोपणार नाही असं करा, आणि राउटर इन्व्हर्टरवर घ्या. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर हे काम करू नका, दिवसाचा डेटा उडेल. रोजच्या कामाचं नेट मंदावत असेल तर प्रेफरन्सेसमध्ये चढवण्याच्या वेगाला मर्यादा घालता येते.

झालं की नाही हे कसं ओळखायचं? ‘सेव्ह केलं’ म्हणजे ‘चढलं’ नव्हे. नेट नसतानाही फाइल फोल्डरमध्ये पडते आणि छान दिसते, पण ती अजून फक्त तुमच्याच डिस्कवर असते. खात्रीचा उपाय एकच : दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहणे. फोनचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावर ड्राइव्ह अ‍ॅप उघडा, ‘फाइल्स’ वर जा. इथे पुष्कळ जण ‘माय ड्राइव्ह’ मध्ये शोधतात आणि काहीच चढलं नाही म्हणून घाबरतात. कॉम्प्युटरवरून जोडलेला फोल्डर शेजारच्या ‘कॉम्प्युटर्स’ या टॅबखाली असतो. तिथे आजच बदललेली एखादी फाइल उघडा आणि आतला मजकूर वाचा. आजचा बदल दिसला म्हणजे सगळं मार्गी लागलं.

आता अडचणी. सिंक अडकलं असेल तर आधी ड्राइव्हच्या चिन्हावर क्लिक करून ‘पॉज’ वर तर नाही ना ते पाहा. कोणीतरी नेट वाचवायला थांबवलेलं असतं आणि मग महिनोन्‌महिने तसंच राहतं. नंतर सी ड्राइव्हवर मोकळी जागा बघा. एकच फाइल अडली असेल तर ती एक्सेलमध्ये उघडी आहे का तेही पाहा. ड्राइव्हमधून ‘क्विट’ करून पुन्हा सुरू केल्याने बरंच काही सुटतं. ‘डिस्कनेक्ट अकाउंट’ मात्र लगेच दाबू नका. न चढलेले बदल आधी दुसरीकडे कॉपी करून ठेवा.

आपल्याकडे वारंवार येणारी एक खोड वेगळी आहे. लाइट दोन दिवस गेली, आली, नेट चालू आहे, तरी ड्राइव्ह साइन-इन होत नाही आणि ब्राउझर प्रत्येक साइट असुरक्षित असल्याचं सांगतो. अशा वेळी पासवर्ड बदलत बसू नका, कोपऱ्यातली तारीख पाहा. ती काही वर्षं मागची असेल तर कॉम्प्युटरच्या आत मदरबोर्डवर, म्हणजे मुख्य सर्किटच्या पाटीवर, असलेला सेल संपलाय. वीज नसताना कॉम्प्युटरचं घड्याळ त्याच्यावर चालतं. तारीख चुकली की सुरक्षित जोडणीचे दाखले तपासताना जुळत नाहीत आणि गुगल दार उघडत नाही. डेट अँड टाइम सेटिंगमध्ये ‘सिंक नाऊ’ दाबा, लगेच काम होईल. पण सेल बदलेपर्यंत दर खेपेला तेच होणार. बहुतेक डेस्कटॉपला सीआर २०३२ हा बटणासारखा सेल लागतो. घड्याळवाल्याकडेही मिळतो आणि स्वस्त असतो.

गुगलची ती १५ जीबी जागा संपली तर दुर्लक्ष करू नका, कारण मग जीमेलवर नवी मेलही येईनाशी होते. मोठ्या अटॅचमेंटच्या जुन्या मेल काढा, कचरापेटीही रिकामी करा, तेव्हाच जागा सुटते.

आणि सिंक म्हणजे तिजोरी नव्हे, हे पक्कं ध्यानात ठेवा. इथे फाइल डिलीट केलीत की तिकडेही जाते. गुगलच्या कचरापेटीत ती ३० दिवस असते, त्यानंतर नाही. म्हणून वर्षअखेरचा हिशेब वेगळ्या हार्ड डिस्कवरही घ्या. हिशेबासाठी टॅली हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर तिचा चालू डेटा फोल्डर सिंकला कधीच जोडू नका. लिहिलं जात असतानाच फाइली उचलल्या गेल्या तर डेटा बिघडू शकतो. टॅलीतूनच बॅकअप काढा आणि ती बॅकअपची फाइल ‘महत्त्वाचे’ मध्ये टाका.

शेवटचं काम खात्याच्या किल्लीचं. दोन टप्प्यांची पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर फोनवरून दुसरी खात्री, चालू ठेवा, पण पुरात फोनच गेला तर ओटीपी कुठे येणार? गुगल खात्याच्या सुरक्षा विभागात ‘बॅकअप कोड्स’ मिळतात, दहा कोड, प्रत्येक एकदाच चालणारा. ते कागदावर छापा. एक प्रत घरात उंचावर, प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा आणि दुसरी मुंबईच्या भावाकडे किंवा बहिणीकडे द्या. मे महिन्यात चाकरमानी आलेले असतातच, जाताना आंब्याच्या पेटीबरोबर पाकीटही हातात द्या.