मुलांना कोड लिहून संगीत करायला कसं शिकवावं

लाइव्ह कोडिंग म्हणजे प्रोग्राम चालू असतानाच तो बदलत राहायचं आणि बदल तिथल्या तिथे ऐकायचा. शाळकरी मुलांसाठी मी सॉनिक पाय हे सॉफ्टवेअर निवडेन. सॅम ॲरन यांनी २०१२ मध्ये केंब्रिज विद्यापीठात ते शाळेतल्या वर्गांसाठीच तयार करायला घेतलं. ते मोफत आहे आणि विंडोज, मॅक, रास्पबेरी पाय (छोटा, स्वस्त संगणक) या तिन्हींवर चालतं.

दोन मुलांत एक संगणक द्या. एकाने टाइप करायचं, दुसऱ्याने ऐकून सुचवायचं, मग अदलाबदल. हेडफोन हवेतच, नाहीतर वर्गात कुणालाच स्वतःचं काही ऐकू येणार नाही.

१. पहिला सूर. फळ्यावर एकच ओळ लिहा: प्ले ६०. (आज्ञा आणि अंक इंग्रजी कीबोर्डवरून, छोट्या लिपीत टाइप करायचे, इथे उच्चार दिले आहेत.) रन दाबलं की सूर वाजतो. आता आकडा बदलू द्या. एकने वाढवला की सूर अर्ध्या स्वराने चढतो, बाराने वाढवला की तोच सूर वरच्या सप्तकात. हे आधी सांगू नका. ६० नंतर ७२ वाजवून ‘दोन्ही सारखेच वाटतात’ असं कुणीतरी म्हणतंच.

२. थांबणं. एकाखाली एक तीन प्ले लिहायला सांगा. तिन्ही सूर एकदम वाजतात! असं का, हा प्रश्न मुलांवर सोपवा आणि पुरेसा वेळ द्या. संगणक आपणहून थांबत नाही. ‘थांब’ हेही त्याला सांगावं लागतं. मधे स्लीप १ टाकलं की एक मात्रा जाते. सुरुवातीचा वेग मिनिटाला ६० मात्रांचा असल्याने ती बरोबर एक सेकंदाची असते. मग १ चं ०.५, ०.२५ करू द्या. अपूर्णांक इथे कानाला कळतात, म्हणून या पायरीवर घाई नको.

३. न थांबणारा ठेका. लूप म्हणजे पुन्हा पुन्हा वाजत राहणारा कोडचा भाग. लाइव्ह लूप या दोन शब्दांमध्ये अंडरस्कोअर, मग जागा सोडून विसर्गासारखं चिन्ह (कोलन) आणि त्याला चिकटून लूपचं नाव, ओळीच्या शेवटी डू. पुढच्या ओळींवर ढोलाचा एक सॅम्पल (आधीच ध्वनिमुद्रित केलेला आवाज) व स्लीप, शेवटी एंड. वाजत असतानाच स्लीपचा आकडा बदलून पुन्हा रन दाबा. चालू आवर्तन पूर्ण होतं आणि पुढचं नव्या लयीत येतं. स्लीप विसरलं तर लूप चूक झाल्याचा संदेश देऊन बंद पडतो.

४. वर धून. दुसऱ्या लूपमध्ये प्ले लिहून पुढे ६०, ६२, ६४, ६७, ६९ हे आकडे चौकोनी कंसात लिहा, पुढे टिंब देऊन चूझ (यांतला एक निवड), खाली स्लीप. सा रे ग प ध यांतला कुठलाही सूर येवो, कानाला खटकत नाही. स्टॉप करून पुन्हा रन केलं की तीच धून येते, कारण हे ‘यादृच्छिक’ आकडे ठरलेल्या क्रमाने निघतात. यूज रँडम सीड (शब्दांमध्ये अंडरस्कोअर) ही आज्ञा तो क्रम ठरवते, तिचा आकडा बदलला की धून बदलते. आवडलेला आकडा मुलं वहीत टिपून ठेवतात.

५. सादरीकरण. प्रत्येक जोडीला दोन मिनिटं द्या, पडद्यावर कोड सगळ्यांना दिसू द्या. अट एकच: वाजवताना किमान दोन बदल करायचे. ओळ चुकली तर कीबोर्ड हातात घेऊ नका. खालच्या चौकटीत ओळीचा क्रमांक येतो, तो मोठ्याने वाचायला सांगा. चूक ठेक्याच्या लूपमध्येच नसेल तर दुरुस्ती होईपर्यंत ठेका मागे चालूच असतो.