सर्जनने वळणावरचे निर्णय कसे घ्यावेत : गोव्यातील तरुण डॉक्टरांसाठी

सर्जनच्या कामकाजी आयुष्यात मोठ्या निर्णयाचे प्रसंग मोजकेच येतात आणि ते बहुधा थकलेल्या अवस्थेत, घाईत आणि घरच्यांच्या अपेक्षांच्या दडपणाखाली निस्तरावे लागतात. अशा वेळी पदवीचे नाव किंवा पगाराचा आकडा पाहण्याआधी दोन प्रश्न कागदावर लिहून काढावेत. पुढील पाच वर्षे आपल्या हातून नेमक्या कोणत्या शस्त्रक्रिया, किती वेळा होणार आहेत? आणि हात अडला तर शेजारी कोण उभे असेल?

पहिले वळण इंटर्नशिपमध्ये येते. एमबीबीएसची साडेचार वर्षे, इंटर्नशिपचे एक आणि एमएसची (शस्त्रक्रियेतील पदव्युत्तर पदवी) तीन मिळून साडेआठ वर्षे होतात. एमसीएच (शस्त्रक्रियेच्या एखाद्या उपशाखेतील अतिविशेष पदवी) केल्यास आणखी तीन वर्षे जातात, आणि प्रवेश परीक्षांच्या तयारीत गेलेला काळ यात धरलेला नाही. म्हणून शस्त्रक्रियेची आवड खरी आहे का, हे इंटर्नशिपमध्येच तपासून पाहावे. थिएटरमध्ये उभे राहणे सर्वांनाच आवडते. खरी कसोटी वॉर्डात लागते. मधुमेही पायाच्या जखमेचे रोजचे ड्रेसिंग, पोट फुगलेल्या रुग्णाला दर दोन तासांनी पुन्हा तपासणे आणि नातेवाइकांना तेच पुन्हा शांतपणे समजावणे, हे काम कंटाळा न येता होत असेल तर ही शाखा आपली आहे असे समजावे.

एमएसच्या काळात लॉगबुक परीक्षेपुरते भरू नये. प्रत्येक केससमोर आपण केवळ मदतनीस होतो, वरिष्ठांच्या देखरेखीखाली शस्त्रक्रिया केली की स्वतंत्रपणे केली, आणि पुढे रुग्णाचे काय झाले, हे लिहून ठेवावे. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात पेडण्यापासून काणकोणपर्यंतचे आणि शेजारच्या सिंधुदुर्गातलेही रुग्ण येतात. त्यामुळे तिथे शिकणाऱ्याला पुष्कळ पाहायला मिळते, परंतु पाहिलेले आणि केलेले यांतला फरक वहीतच दिसतो.

एमसीएच करावे की नाही, या प्रश्नावर सर्वाधिक वेळ द्यावा, कारण इथे गोव्याचे आकारमान आड येते. 2011 च्या जनगणनेनुसार राज्याची लोकसंख्या सुमारे साडेचौदा लाख आहे. मूत्रमार्गातील खडे, प्रोस्टेट, अपघातातील डोक्याच्या दुखापती यांचे रुग्ण एवढ्या लोकसंख्येतही सतत येत राहतात. जन्मजात दोषांच्या दुर्मीळ शस्त्रक्रिया किंवा स्वादुपिंडाच्या कर्करोगावरील मोठ्या शस्त्रक्रिया मात्र इथे मोजक्याच होणार, आणि त्या अनेक सर्जनांत वाटल्या गेल्या तर कोणाचाच हात तयार राहत नाही. ज्याला अशा विषयाची ओढ आहे त्याने ती अवश्य धरावी, पण मुंबई, पुणे किंवा बेळगावसारख्या ठिकाणी राहण्याची मनाची आणि घरच्यांची तयारी आधीच करावी. उलट गोव्यातच राहायचे पक्के असेल, तर हर्निया, पित्ताशय, आतड्याचा अडथळा आणि मधुमेही पाय उत्तम सांभाळणारा जनरल सर्जन ही दुय्यम निवड आहे, असे कोणी म्हटले तरी मानू नये. म्हापसा, मडगाव किंवा फोंडा इथल्या रुग्णाला रात्री सर्वप्रथम त्याचीच गरज भासते.

नोकरी स्वीकारताना रुग्णालयाच्या इमारतीपेक्षा रात्रीची व्यवस्था पाहावी. भूलतज्ज्ञ आवारात असतो की घरून येतो, रक्त कुठून आणावे लागते, अतिदक्षता विभागात रात्री डॉक्टर कोण असतो, हे तिथल्या परिचारिकांना विचारावे. त्यांचे उत्तर सर्वांत खरे असते. करारात ठरावीक वेतन, प्रत्येक केसमागचा वाटा, ऑन-कॉलचे दिवस आणि नोकरी सोडण्याची मुदत लेखी घ्यावी. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या आरोग्य विमा योजनेचे रुग्ण तिथे घेतले जात असतील, तर पॅकेजच्या दरात सर्जनचा वाटा किती हेही आधीच ठरवावे. स्वतःचे नर्सिंग होम काढण्याची घाई नको. आधी काही वर्षे दोन-तीन रुग्णालयांशी जोडून काम केल्यास रुग्ण आपल्या नावाने येतात की इमारतीच्या, हे कळते, आणि कर्ज किती झेपेल याचा अंदाज बांधता येतो.

मधल्या काळातले वळण नव्या तंत्राचे असते. डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी 1990 साली मुंबईत भारतातील पहिली दुर्बिणीद्वारे पित्ताशयाची शस्त्रक्रिया केली, आणि त्यानंतर खुल्या पद्धतीत मुरलेल्या सर्जनांच्या एका पिढीला नव्याने शिकावे लागले. शिकण्याच्या त्या काळात जगभर पित्तनलिकेच्या दुखापती वाढल्या होत्या. आज रोबोटिक शस्त्रक्रिया शिकणाऱ्यानेही हे ध्यानात ठेवावे. आधी सिम्युलेटरवर सराव करावा, मग सोप्या केस अनुभवी सर्जनला शेजारी उभे करून कराव्यात, आणि शस्त्रक्रिया कोणत्या क्षणी थांबवून जुन्या पद्धतीकडे वळायचे हे चाकू हाती घेण्याआधीच ठरवावे. आपण हे तंत्र शिकत आहोत, हे रुग्णाला सांगणे कर्तव्य आहे.

टेबलावर रुग्ण दगावला, तर त्या महिन्यात कारकिर्दीचा कोणताही निर्णय घेऊ नये. नातेवाइकांशी स्वतः बोलावे, नोंदी त्याच दिवशी पूर्ण कराव्यात आणि नंतर त्यांत खाडाखोड करू नये, विश्वासू वरिष्ठासमोर केस पहिल्यापासून मांडावी. झोप महिनाभर उडाली तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणे, हाही याच कामाचा भाग मानावा.

उतारवयात डोळे, मान आणि रात्रीची जागरणे सांगू लागतात. कामाला टप्प्याटप्प्याने आवर घालावा : आधी रात्रीच्या आपत्कालीन केस, मग लांबणाऱ्या मोठ्या शस्त्रक्रिया सोडाव्यात; दिवसाच्या ठरलेल्या केस आणि तरुणांना शिकवणे बरीच वर्षे चालू ठेवता येते. शस्त्रक्रिया पूर्ण थांबवल्यानंतरही व्यावसायिक दायित्वाचा विमा लगेच बंद करू नये, कारण ग्राहक आयोगाकडे तक्रारीला सामान्यतः दोन वर्षांची मुदत असते आणि बहुतेक विमा पॉलिसी दावा दाखल होतेवेळी चालू असाव्या लागतात. आंतररुग्णांच्या नोंदी किमान तीन वर्षे जपणे नियमानुसार बंधनकारक आहे, आणि रुग्णाने मागितल्यास त्या 72 तासांत द्याव्या लागतात. म्हणून दवाखाना सोडताना त्या कोणाच्या ताब्यात राहतील हे लेखी ठरवून ठेवावे.